पाडव्यापर्यंत पुसायचं नाही

२९ सप्टेंबर, सोमवार

ही वही मेघानं दिली. म्हणाली, "रोज संध्याकाळी मला जे ऐकवता ते आता हिला ऐकवा. वर्गात सत्तर पोरं सांभाळून येते मी, घरी एकाहत्तरावं नको." बरं. वहीला तोंड नाही, म्हणजे उलट बोलणार नाही.

तर ऐक बाई वही. मार्चमध्ये पाइप कंपनीतली मेंटेनन्सची नोकरी सोडली. अकरा वर्षं दुसऱ्याच्या मशिनी दुरुस्त केल्या, म्हटलं आता आपलं काहीतरी करू. पिंप्राळ्यात घरामागं पत्र्याची शेड आहे, तिथं स्वयंपाकाच्या सुऱ्या करतो. लोक विचारतात, "हितेंद्र, सुऱ्या तर बाजारात मिळतात की रे." मिळतात ना. घ्या मग.

नातेवाईक सोडून पहिली खरी ऑर्डर आली ती धुळ्याच्या चारुलताताईंची. त्यांचा केळीच्या वेफर्सचा उद्योग आहे. सहा बाया दिवसभर कच्ची केळी सोलतात. दर भाऊबीजेला ताई त्यांना साडी देतात, यंदा साडीबरोबर प्रत्येकीला तिची स्वतःची सुरी. नमुन्याची सुरी त्यांना दिली, सगळ्यांना पसंत पडली. आता तशाच सहा करायच्या, भाऊबीजेच्या आत. या नीट गेल्या तर मी हेच काम पुढं करणार. नाही गेल्या तर परत कंपनीत. साहेबांनी जागा धरून ठेवली आहे, पंचवीस ऑक्टोबरपर्यंत हो की नाही ते सांगायचं. हे मेघाशी जेवता जेवता ठरलं, पण ठरलं म्हणजे ठरलं.

पाती झाली, बाभळीच्या मुठी झाल्या. राहिली ती मान. पातं आणि मूठ यांच्या मधे पितळेचा तुकडा बसतो, त्याला बोल्स्टर म्हणतात, आमचे अभिमन नाना म्हणतात मान. सुरी चिमटीत धरली की बोट नेमकं तिथं टेकतं. गोल ठेवली तर ओल्या हातात फिरते, म्हणून मी तिला आठ पैलू पाडतो. मुठीला पण आठ. कडेला कड मिळाली पाहिजे. एक पैलू केसभर सरकला की सगळी सुरी मुरगळल्यासारखी दिसते.

त्यासाठी मी एक लोखंडी चकती केली आहे, तिला आठ खाचा. चकतीवर मान बसवायची, खाचेत खिटी सोडायची, टक् आवाज येतो, मग मोटरवर फिरणाऱ्या घासपट्ट्यावर एक पैलू घासायचा. खिटी काढायची, पुढची खाच. चूक व्हायला जागाच नाही. घासून झालं की नाना काचेवर वॉटर पेपर, म्हणजे बारीक घासायचा कागद, पसरून आठही पैलू हातानं साफ करतात. नानांनी चाळीस वर्षं पितळी भांडी चकचकीत केली. मूळचे भडगावचे, इथं दोन गल्ल्या सोडून मुलीकडं राहतात, सकाळी आठला डबा घेऊन हजर.

सहा माना. आठ दिवसांचं काम. हसत हसत होईल.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. शेड धुऊन काढली. मोटर, पट्टा, ऐरण, कानशी, सगळ्याची पूजा केली. चकतीला तर पाच बोटं कुंकू ओढलं, वर मूठभर अक्षता. खरी लक्ष्मी तीच.

नाना नारळ फोडायला थांबले होते. जाताना म्हणाले, "सकाय पुशी ले रे भो. यंत्रले कुकू चालत नही."

मी म्हटलं, नाना, आमच्या सावद्याच्या घरात खंडेनवमीचं कुंकू पाडव्यापर्यंत पुसत नाहीत. आई कोयत्यावरचंसुद्धा पुसू द्यायची नाही. केळीचा घड कापायचा तर कापा, कुंकू आपोआप जाईल तेवढं जाऊ दे, हात लावायचा नाही. आई गेली त्याला चार वर्षं झाली. तिचं तेवढं एक तरी पाळतो.

नाना प्रसाद घेऊन गेले.

४ ऑक्टोबर, शनिवार

पहिली मान वाया. सात पैलू असे की आरशात ठेवावेत, आठवा एका बाजूला पसरलेला. मुठीला लावून पाहिली, एक कड सरळ मुठीच्या कडेला चुकवून पुढं निघून जाते. होतं असं. पहिली ती पहिली.

५ ऑक्टोबर, रविवार

दुसरी पण गेली. तसाच एक पैलू.

७ ऑक्टोबर, मंगळवार

डोकं फिरायची वेळ आली. तिसरी.

पितळच खोटं असणार. बाजारात दुकानदाराशी भांडून आलो. तो म्हणे, "दादा, पितळ चारी बाजूंनी सारखंच असतं, एकाच बाजूला वाईट कसं असेल?" मोठा आला शहाणा. दुसरा गज घेतला.

परत येऊन पट्टा बदलला, मोटरच्या पायाखाली रबर घातलं. कॉलनीत विजेचा दाब कमीजास्त होतो, ते पण कारण असू शकतं. चकतीची खिटी एका ठिकाणी जरा गच्च बसते, तिथं तेल सोडलं. अजून काय करायचं राहिलं? लिंबू-मिरची बांधू?

मेघा म्हणाली, "तिन्ही माना शेजारी ठेवून बघितल्या का?" म्हटलं, बघून काय होणार, वाईट ती वाईट.

९ ऑक्टोबर, गुरुवार

चौथी. दुसऱ्या पितळाची. तेच.

नाना म्हणाले, "मन्हाकडे देवाना पहिले एकदाव मोजी पाय."

त्यांच्याकडं द्यायच्या आधी मोजायचं म्हणे. मला आधीच राग आलेला. म्हटलं नाना, मशीनवरून उतरलेल्या मानेला भुगा चिकटलेला असतो, ओरखडे असतात, मोजून काय कळणार? आणि मशीन ते मशीन. खाचेत खिटी पडली की कोन पडला. त्यात माणसाचा हातच नाही.

हे बोलल्यावर मलाच एकदम सुचलं. हात कुठं आहे मग? हात आहे तो नानांच्या काचेवर. लिहायला बरं वाटत नाही, पण हे आधी कसं लक्षात आलं नाही? सदुसष्ट वय. सात पैलू नीट होतात, आठव्याला हात थकतो, एका बाजूला भार पडतो. सगळं जुळतं.

उद्या लक्ष ठेवतो.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज माझ्या हातून एक लबाडी झाली. चौथी मान सुरीला बसवली आणि धुळ्याला घेऊन गेलो. म्हटलं, मलाच किडा आहे, बाकी कोणाला दिसणार?

चारुलताताईंनी सुरी उलटसुलट पाहिली, छान म्हणाल्या. मी मनात हुश्श केलं. मग त्यांनी हाक मारली, "पुष्पाबाई, जरा धरून बघा हो." पुष्पाबाई सहाजणींत सगळ्यात थोरल्या. त्यांनी कच्ची केळी ओढली आणि सोलायला लागल्या. सात-आठ केळी झाली असतील. मग सुरी खाली ठेवली, पहिलं बोट पदराला पुसलं आणि म्हणाल्या, "हाई बोटले टोचस. ती पहिली कशी हातमा बठे."

तिथल्या तिथं जमीन फाटून मला पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी सुरीकडं नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. ताई म्हणाल्या, "पहिल्यासारखी करा भाऊ, घाई नका करू. पण भाऊबीज टळू देऊ नका. मी बायांना सांगून बसलेय."

घाई नको आणि उशीर पण नको. वा. एस्टीत पारोळ्यापर्यंत दात-ओठ खात बसलो.

१३ ऑक्टोबर, सोमवार

झालं ते लिहितो. पाचवी मान नाना साफ करत होते, मी समोर उभा. आठवा पैलू आला तेव्हा मला स्पष्ट दिसलं, त्यांच्या अंगठ्याशी थरथर होती. म्हणजे मला तरी दिसली. मान हातात घेतली, कोनमापक लावला, पैलू पसरलेला.

मी म्हटलं, "नाना, हात कापतो तुमचा."

नानांनी चष्मा वर केला. "मन्हा हात कापस?"

"कापतो. पाच माना गेल्या. मला हे काम आयुष्यभर करायचंय, तुमचं काय, तुमचं झालं सगळं करून. राग मानू नका, पण आता हे काम तुमच्याच्यानं होत नाही."

'राग मानू नका' म्हटलं म्हणजे समोरच्यानं मानू नये असं मला वाटतं की काय, कोण जाणे. नाना म्हणाले, "बरं." हात धुतले. चष्मा डबीत ठेवला. बसायचं पोतं झटकून घडी केलं आणि काचेखाली नीट ठेवलं. डबा तसाच न उघडता उचलला. दारातून म्हणाले, "येस मी."

कठोर झालं असेल. पण धंदा आहे, धर्मशाळा नाही. उद्यापासून साफसफाई पण मीच करणार.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आठ वाजता दोनदा दाराकडं पाहिलं. सवय, दुसरं काय.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सहावी मान. पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या एकट्याच्या हातची. काचेवर साफ करायला साडेतीन तास लागले, नानांना पाऊण तास लागायचा. बोटांची सालं निघाली.

एक पैलू पसरलेला.

तिथंच खाली बसलो. म्हणजे नानांचा... नको. आज नको. हात माझाही वाकडा असू शकतो. दोघांचाही असू शकतो.

मेघानं चहा आणला. मानेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, कप ठेवून गेली. ती बोलली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनत्रयोदशी. सावद्याहून वडिलांचा, आबांचा फोन. "काय रे, झाल्या का तुह्या सुऱ्या?" म्हटलं होताहेत. आबा म्हणाले, "केळीला पाणी द्यायचं कळत नाही, लोखंडाला पाणी द्यायला निघाला." नेहमीचंच बोलणं, नेहमी मी हसतो. आज हसू आलं नाही. फोन ठेवून दिला.

आणखी दोन माना केल्या. आठ झाल्या बिघडलेल्या. डब्यात टाकतो तेव्हा खळ्ळ आवाज येतो, तो आता सहन होत नाही.

सरळच लिहितो. मला हे येत नाही. मशीन दुरुस्त करणं वेगळं आणि वस्तू करणं वेगळं. नमुना चुकून चांगला झाला असेल, आंधळ्याच्या हाती ससा. अकरा वर्षं कंपनीत जे येत होतं ते येतं, बाकी हौस.

२० ऑक्टोबर, सोमवार

चारुलताताईंना फोन करून सांगितलं, भाऊबीजेला होत नाही. त्या म्हणाल्या, "बरं भाऊ, भाऊबीजेला साड्या देते. सुऱ्यांचं काय सांगू बायांना? येणार की येणारच नाहीत?"

म्हटलं, शनिवारी सांगतो. शनिवारीच कंपनीलाही सांगायचंय. एकाच दिवशी सगळ्यांना सांगून मोकळा होतो.

मेघाच्या कानावर आलंय की नाना त्या दिवशीच संध्याकाळच्या गाडीनं भडगावला निघून गेले. मुलीला म्हणाले, दिवाळी गावाकडं करतो. मेघानं हे मला भाजी वाढताना सांगितलं.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

हात अजून थरथरतोय. हो, माझा.

सकाळी मेघा म्हणाली, पाडवा आहे, शेडमधलं जुनं कुंकू पुसून घ्या, मी नवी पूजा करते. मी म्हटलं, कशाला, शनिवारनंतर शेडमध्ये सायकली ठेवायच्या. ती म्हणाली, "सायकलींची पण पूजा होते. पुसा."

ओलं फडकं घेतलं. मोटर पुसली, ऐरण पुसली. चकती हातात घेतली. पुढचं कुंकू गेलं, मागून फडकं फिरवलं तर तिसऱ्या खाचेत अडकलं. नख घातलं. कडक काहीतरी. दाभण आणून उकरलं. तांदळाचा दाणा. दाणा कसला, चुरा. खिटीनं चेपून चेपून चुरा झालेला, त्यात कुंकू, त्यात मीच सोडलेलं तेल. वाळून पार दगड. खाचेच्या एका अंगाला चिकटून बसलेला.

सगळा उकरून काढला. रॉकेलनं धुतलं. खिटी सोडली.

टक्.

तीन आठवडे हा आवाज त्या खाचेत येत नव्हता आणि मला, मेंटेनन्सच्या माणसाला, कळलं नाही. कंपनीत शंभर फुटांवरून बेअरिंगचा आवाज ओळखायचो मी.

डबा उपडा केला, धुळ्याला नेलेल्या सुरीची मानही काढून घेतली. आठही माना ओळीनं लावल्या, मेघानं सांगितलं होतं तशा, पंधरा दिवस उशिरा. प्रत्येकीची पातं बसायची फट एका दिशेला धरून मोजलं. पहिला नाही, शेवटचा नाही. आठही मानांचा तिसराच पैलू. हात थकला असता तर शेवटचा गेला असता. सकाळी आठला कोणाचा हात थकतो?

'सकाय पुशी ले रे भो.' 'मन्हाकडे देवाना पहिले एकदाव मोजी पाय.' दोनदा सांगितलं होतं. आणि मी त्या माणसाला सांगितलं की तुमचं झालं सगळं करून.

नवीन मान लावली. मशीनवरून उतरवली तशीच मोजली, भुग्यासकट. आठही सारखे. आनंद व्हायला पाहिजे होता. मी शेडमध्ये पाटावर बसून रडलो, पाडव्याच्या दिवशी. मेघा ओवाळायला ताट घेऊन आली, तिनं ताट खाली ठेवलं.

सगळं सांगितल्यावर म्हटलं, उद्या भडगावला जातो. मेघा म्हणाली, "माफी मागायला चाललात की कामाला बोलवायला? दोनांतलं एक ठरवून जा. दोन्ही एकदम मागितलंत तर माफी खोटी पडेल."

मला दोन्ही पाहिजे होतं. सहा माना शनिवारच्या आत साफ करणं माझ्या बोटांचं काम नाही.

ठरवलं. माफी.

आणि नवी पूजा मशीनवर केली नाही. भिंतीवर, मशीनच्या वर, कुंकवाची पाच बोटं ओढली. आई रागावणार नाही असं वाटतं. रागावली तर रागावू दे, तिला समजावता येईल.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

भडगावला जाऊन आलो. गिरणेच्या बाजूला नानांचं दोन खोल्यांचं घर आहे. त्यांची बहीण ओवाळायला आली होती, पाट अजून मांडलेलाच होता. नाना म्हणाले, "ये, बठ."

एस्टीत सगळं पाठ केलं होतं. तिथं एकच वाक्य निघालं. म्हटलं, "नाना, चकतीत अक्षता होती. तिसऱ्या खाचेत. मीच टाकलेली."

नानांनी मान हलवली. म्हणाले, "पुसं का मंग?"

"पुसलं."

"बरं जयं."

एवढंच. ना 'मी सांगं व्हतं', ना काही. मी म्हटलं, नाना, मी जे बोललो ते माझ्या जिभेला शोभलं नाही, मला माफ करा. बहीण आतून ऐकत होती, भांड्यांचा आवाज थांबला होता. नाना म्हणाले, "चहा पी."

कपातला चहा त्यांनी माझ्या समोर बशीत ओतला, बशीच्या काठापर्यंत. एका हातानं उचलून माझ्या हातात दिली. एक थेंब सांडला नाही. माझ्या हातात आल्यावर सांडला, पँटवर. नाना म्हणाले, "देख भो, हात कापस."

त्यांची बहीण आत फस्सकन हसली. नाना हसले नाहीत. चेष्टा होती की वार होता, मला अजून कळलेलं नाही. दोन्ही असेल.

कामाचं एक अक्षर काढलं नाही. उठताना जिभेवर आलं होतं, गिळलं. एस्टी चाळीसगावहून उशिरा आली, उभ्यानं आलो.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सहा माना मशीनवर झाल्या. आठ गुणिले सहा, अठ्ठेचाळीस पैलू, प्रत्येक मोजला. एकही चुकला नाही. साफ करायला बसलो, दिवसभरात एक झाली, ती पण नानांसारखी नाही. मेघानं विचारलं, "उद्या काय सांगणार?" म्हटलं, उद्या सांगतो.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दुपार आहे, जेवणाच्या सुट्टीत लिहितोय.

सकाळी आठला शेडचं दार उघडत होतो. मागं कोणीतरी खाकरलं. नाना. हातात डबा.

मी काही बोलायच्या आत ते आत गेले, थेट मशीनपाशी. चकती काढली. करंगळी आठही खाचांतून एक एक करून फिरवली आणि उजेडात धरून बघितली. करंगळी साफ होती. मग भिंतीवरच्या पाच बोटांकडं मान वर करून बघत राहिले.

"देवले जागा भेटनी आते," म्हणाले.

काचेखालचं पोतं काढलं, झटकलं, बसले. चष्मा लावला. मी कालची माझ्या हातची मान पुढं केली. त्यांनी ती बोटानं चाचपली आणि बाजूला ठेवली. "हाई मी नंतर करस. दुसरी दे." मी दुसरी दिली. हातात घेण्याआधी माझ्याकडं बघत राहिले. कशासाठी ते मला लगेच कळलं नाही. मग कळलं. कोनमापक घेतला, त्यांच्यासमोर आठही पैलू मोजले, आणि मग मान त्यांच्या हातात दिली.

साडेदहाला घरात माझा फोन वाजला. नाना तिसऱ्या मानेवर होते, माझे दोन्ही हात पितळेच्या काळ्या पाण्यात. मेघाला दिवाळीची सुट्टी आहे, तिनं उचलला. मागच्या दारातून आवाज येत होता. साहेबच होते, उत्तर विचारत होते. मी उठायला लागलो. मेघानं दारातून मला हातानंच बस म्हटलं.

"नाही साहेब, ते कामावर गेलेत," ती म्हणाली. मग पलीकडचं ऐकून, "नाही नाही, तुमच्याकडच्या नाही. त्यांच्या कामावर."